तपासणीचा माठ

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी धोंडीराम सरपंचबाईंच्या ओट्यावरच्या माठात मूठभर टीसीएल टाकत असे आणि तेवढ्यावर अख्ख्या खडकवाड्याचं पाणी शुद्ध ठरत असे.

टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची पांढरी भुकटी. ती खरं तर गावाच्या उंच टाकीत रोज टाकायची असते. पण टाकीला लोखंडी शिडी होती, शिडीला बासष्ट पायऱ्या होत्या आणि धोंडीरामच्या मागे सतरा कामं होती. सकाळी पाण्याचा वॉल सोडायचा, दवंडी द्यायची, खांबावरचे दिवे लावायचे, कचेरी झाडायची, घरोघरी नोटिसा वाटायच्या. ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे तीन गावं होती आणि खडकवाड्याच्या वाट्याला त्यांचा फक्त बुधवार येई. टीसीएलचं पोतं वर्षाला एक मिळे. ते रोज टाकलं असतं तर शंभर दिवसांत संपलं असतं, मग उरलेल्या दिवसांचं काय करायचं, असा प्रश्न पडला असता. तो पडू नये म्हणून पोतं मुळीच संपवायचं नाही, असा तोडगा आपोआप निघाला होता.

तपासणीची रीतही त्याला पोषक होती. आरोग्यसेवक पुंजाभाऊ महिन्यातून एकदा पिंपळगावहून सायकलवर येत, सरपंचबाईंच्या ओट्यावर टेकत, चहा घेत आणि हाताशी असलेल्या माठातलं पाणी काचेच्या नळीत भरून त्यात औषधाचे तीन थेंब टाकत. पाणी पिवळं झालं की गाव पास. सहा वर्षांपूर्वी एकदा ते पिवळं झालं नव्हतं, तेव्हा तालुक्याहून खरमरीत पत्र आलं होतं. त्यानंतर माठात टीसीएल टाकायचं कोणी ठरवलं, हे आज कोणालाच सांगता आलं नसतं. पुढच्या महिन्यात ते पडलं, एवढं खरं. सुरुवातीला चिमूट पुरायची. पोतं जुनं होत गेलं तशी चिमटीची मूठ झाली. पुंजाभाऊंना माठातलं पाणी जरा पांढरट दिसे, पण नळीत पिवळं दिसे आणि वहीत पिवळ्याचाच रकाना होता.

आता या माठावर धोंडीरामचं नशीब टेकलं होतं. अकरा वर्षं तो ग्रामपंचायतीचा हंगामी शिपाई होता. गेल्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत त्याला कायम करायचा विषय निघाला तेव्हा विरोधी पॅनेलच्या झुंबर मेंबरने उठून अट घातली की, वर्षभर पाणी एकदाही नापास व्हायला नको, बाराच्या बारा तपासण्या पास झाल्या तरच कायम. झुंबरला वाटलं आपण पाचर मारली. धोंडीरामला मनातल्या मनात हसू आलं. अकरा तपासण्या पिवळ्याधमक झाल्या होत्या. बारावी बारा ऑगस्टला होती, ग्रामसभा पंधराला. त्याने पिंपळगावच्या शिंप्याकडे खाकी कपड्यांचं माप देऊन ठेवलं होतं आणि बायको सखुबाईने माहेरी कळवूनही टाकलं होतं.

आणि एकतीस जुलैला पुंजाभाऊ रिटायर झाले.

त्यांच्या जागी अमोल आला. वय चोवीस, नाशिकला द्वारका चौकाजवळ घर, बीएस्सी केमिस्ट्री. गावाने पहिल्याच दिवशी त्याला डॉक्टर म्हणायला सुरुवात केली. आपण डॉक्टर नाही, हे त्याने चार जणांना समजावून सांगितलं. त्यावर हा डॉक्टर भलताच साधा माणूस आहे, असं गावाचं मत झालं. कचेरीत बसून त्याने सहा वर्षांची तपासणी वही पानापानाने वाचली. ती वही कोणी वाचेल, हे तिच्यात लिहिणाऱ्याच्याही मनात कधी आलं नसावं.

"धोंडीराममामा, फार सुंदर आकडे आहेत," अमोल म्हणाला. "इतके सुंदर आकडे मी फक्त कॉलेजच्या प्रॅक्टिकल वहीत पाहिलेत. ते आम्ही एकमेकांचे उतरवून घ्यायचो."

धोंडीरामने हे कौतुक म्हणून घेतलं. मग अमोलने विचारलं की सहा वर्षं एकाच घरचा नमुना का. धोंडीराम म्हणाला, तिथं चहा चांगला मिळतो. हे उत्तर खरंच होतं. अमोलने तेही वहीच्या कडेला टिपून घेतलं. मग त्याने टेबलाखालचं पोतं ओढलं. त्याचं तोंड उघडं होतं आणि ग्रामसेवक भाऊसाहेब दर बुधवारी त्यावर पाय ठेवून बसत. अमोलने मूठभर भुकटी नाकाशी नेली. वास जेमतेम.

"हे मेलंय, मामा. हवेला उघडं राहिलं की यातला क्लोरीन उडून जातो. आता बहुतेक चुनाच उरलाय. उद्या आरोग्य केंद्रातून नवीन पोतं घेऊन या, मी चिठ्ठी देतो."

जाता जाता त्याने असंही सांगितलं की बारा तारखेला गावातल्या दोनशे चाळीस घरांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, त्यातून पाच उचलायच्या आणि त्या पाच घरांचं पाणी तपासायचं. असं का, हे त्याने खूप समजावलं. धोंडीरामला एवढंच समजलं की माठ एक होता, त्याचे पाच झालेत आणि ते कुठले, हे आदल्या दिवशी देवालाही ठाऊक नसणार.

तरी तो डगमगला नाही. बारा तारखेला चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा तो डब्याशीच उभा होता. पहिली चिठ्ठी अंबूबाईची, दुसरी झुंबर मेंबरची. बाकीची तीन नावं पाठ करून त्याने अमोलला सरपंचबाईंकडच्या चहाला पिटाळलं आणि स्वतः सायकलवर टांग मारली. खिशात नव्या पोत्यातल्या टीसीएलची भलीमोठी पुडी होती.

अंबूबाई एकटीच राहणारी म्हातारी. ती दारात गहू निवडत होती. पाण्यात औषध टाकायचंय म्हटल्यावर तिने विचारलं, कसलं औषध, मी तर धडधाकट आहे, पोलिओचं म्हणशील तर ते पोरांना देतात. धोंडीरामला वाद घालायला वेळ नव्हता. त्याने माठाचं झाकण उचललं, सवयीने मूठ भरली आणि टाकली. नवी भुकटी जिवंत आहे, हे त्याच्या हाताला कोणी सांगितलं नव्हतं. घरभर असा दर्प सुटला की म्हातारीच्या डोळ्यांना धारा लागल्या. पाणी ढवळताना निम्मं बाहेर सांडलं, ते तिने लुगड्याच्या पदराने टिपून घेतलं.

तिथून तो झुंबरकडे गेला. मेंबर दारातच आडवा उभा होता.

"पुडी कसली हे?"

"पाण्यात टाकायची."

"माह्या पाण्यात? सरपंचाचा माणूस विरोधी मेंबरच्या माठात पुडी टाकू राह्यला, आन् मी पाहत बसू?"

धोंडीरामने सांगितलं की ती टीसीएल आहे. झुंबर म्हणाला, मग आधी तू खाऊन दाखव. मेंबरने त्याचं मनगट धरलं आणि पुडीसकट त्याला गल्लीतून चालवत अंबूबाईच्या दारात आणून उभं केलं. तिथे चहा संपवून अमोल नुकताच पोचला होता.

अमोलच्या हातात नळी होती. त्याने तिसरा थेंब टाकला. पाणी पिवळं झालं. धोंडीरामने श्वास सोडला. मग ते नारिंगी झालं. मग विटकरी झालं आणि तळाशी चक्क गाळ बसायला लागला. अमोल नळी उजेडात धरून इतका वेळ पाहत राहिला की झुंबरने धोंडीरामचं मनगट सोडून दिलं.

"मामा, या पाण्यात कपडे धुतले तर रंग जाईल," तो अखेर म्हणाला.

"धुवायला कशाला पाहिजे?" अंबूबाईने पदर पुढे केला. लाल लुगड्यावर तळहाताएवढे पांढरे डाग उमटले होते. "नवं व्हतं रं मुडद्या. नागपंचमीला नेसले व्हते."

झुंबरने पुडीचा पंचनामा करा म्हणून आग्रह धरला. अमोलला मात्र वेगळंच कुतूहल लागलं होतं. किती टाकलं, त्याने विचारलं. धोंडीराम म्हणाला, मूठ. मुठीत किती ग्रॅम, ते धोंडीरामला माहीत नव्हतं. तेव्हा अमोल त्याला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात घेऊन गेला, तराजूत मूठ रिकामी करायला लावली आणि अठ्ठावन्न ग्रॅम हा आकडा वहीत लिहिला. हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम लागतं, हे त्याने एका कागदावर लिहून धोंडीरामच्या खिशात कोंबलं. आजचे नमुने बाद, तो म्हणाला. परवा गुरुवारी, चौदाला, पुन्हा येतो, पुन्हा चिठ्ठ्या काढतो. या वेळी घरं पाचच, पण मी चहा घेणार नाही.

संध्याकाळी धोंडीराम चुलीपाशी कागद घेऊन बसला. चहा नाही म्हणजे पुढे पळायला सवड नाही. म्हणजे आधीच टाकून ठेवायचं. कुठली पाच घरं ते ठाऊक नाही, म्हणजे दोनशे चाळीसही घरांत टाकायचं. एका माठाला चिमूट. एका घरात पाच मिनिटं धरली तरी वीस तास. अंबूबाईकडे आता पाऊल टाकता येणार नाही, झुंबरच्या दारात कुत्रं बांधलेलं असणार. ती दोन सोडली तर दोनशे अडतीस. दोनशे अडतीस बायकांना दोनशे अडतीस वेळा समजवायचं. तो बोटं मोडत राहिला. भाकर थापता थापता सखुबाईने हे सगळं ऐकलं.

"या समद्या माठांत पाणी कुठून येतं?" तिने विचारलं.

"टाकीतून."

"मंग टाकीतच टाक ना."

अकरा वर्षांत ही युक्ती धोंडीरामला सुचली नव्हती.

बुधवारी त्याने नवं पोतं किराणा दुकानात नेऊन त्यातलं पाव किलो टीसीएल तोलून घेतलं. पन्नास हजार लिटरची टाकी, हजाराला पाच ग्रॅम, हा हिशोब दुकानदाराने तीन वेळा करून दिला. मग बासष्ट पायऱ्या चढून तो वर गेला. टाकीचं झाकण अर्धं सरकलेलं होतं. आत पाहिल्यावर त्याने वॉल सोडून आधी सगळं पाणी काढून टाकलं. टाकीच्या तळाशी जे काही होतं त्याबद्दल त्याने गावात शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही. एवढंच की त्यात शाळेचा एक व्हॉलीबॉल होता आणि एक चप्पल होती, जी त्याने ओळखली, कारण ती त्याचीच होती. दुपारपर्यंत त्याने टाकी घासली, पुन्हा भरली, भुकटी बादलीत कालवून निवळू दिली आणि वरचं पाणी टाकीत ओतलं. खाली उतरला तेव्हा कचेरीत भाऊसाहेब पाय ठेवायला पोतं शोधत होते.

गुरुवारी सकाळी वॉल सुटला आणि गावात कुरकुर सुरू झाली. पाण्याला दवाखान्याचा वास येतोय, डाळ शिजत नाही, चहा फाटला. धोंडीराम ऐकून घेत होता आणि आतून सुखावत होता. अमोल आला, त्याने चहा नाकारला, चिठ्ठ्या उचलल्या. पहिली चार घरं चार गल्ल्यांतली होती आणि त्यातलं एक, योगायोग म्हणा, पुन्हा झुंबरचं होतं. चारही नळ्यांत लिंबाच्या सरबतासारखा फिकट पिवळा रंग आला. अमोल प्रत्येक वेळी नळी रंगांच्या पट्टीशी धरी आणि मान हलवी. झुंबरच्या घरचं पाणी पास झालं तेव्हा मेंबरने नळी स्वतः उजेडात धरून पाहिली आणि परत दिली. आपल्याच घरचं पाणी नापास व्हायला हवं होतं, असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

पाचवी चिठ्ठी निघाली सरपंचबाईंची. धोंडीराम मोकळेपणाने हसला. हे घर म्हणजे घरचंच घर.

सरपंच चंद्रभागाबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. त्यांचे यजमान खंडेराव सुपारी कातरत बसले होते. सरपंचपद बाईंचं आणि सल्ला खंडेरावांचा, अशी वाटणी गावाने मानलेली होती, पण बाई सल्ला ऐकूनच घेत, पाळत क्वचित. ऊन चढलं होतं. चार गल्ल्या पायी फिरून अमोलचा घसा कोरडा पडला होता.

"आक्का, जरा पाणी द्या प्यायला," तो म्हणाला.

चंद्रभागाबाई आत गेल्या आणि चकचकीत तांब्या भरून घेऊन आल्या. अमोल अर्धा तांब्या घटाघट प्यायला. पाणी गार आणि गोड होतं. मग त्याच तांब्यातलं पाणी त्याने नळीत भरलं आणि तीन थेंब टाकले.

पाणी जसंच्या तसं राहिलं.

त्याने नळी हलवली. पुन्हा भरली, पुन्हा थेंब टाकले. आरपार पाहिलं तर पलीकडे खंडेराव स्वच्छ दिसत होते आणि खंडेरावांची नजर सुपारीवर होती. धोंडीराम ओट्याच्या पायरीवर मटकन बसला. खाकी कपडे, सखुबाईचं माहेर, अकरा वर्षं, सगळं त्या नितळ नळीत बुडालं.

"या गल्लीत पहिलं कनेक्शन तुमचं," अमोल म्हणाला. "सगळीकडे आलं आणि इथंच क्लोरीन नाही, असं कसं?"

खंडेराव खाकरले. तुम्ही ओट्यावरच्या माठातलं घ्यायला हवं होतं, ते म्हणाले, तो तपासणीचा माठ आहे.

"आणि हे?"

"हे आमच्या मळ्यातल्या विहिरीचं. रोज सकाळी दुधाच्या गाडीवर कॅन येतो."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सहा वर्षं महिन्यातून एकदा ओट्यावरच्या माठात मूठ पडत होती. पहिल्याच वर्षी त्या पाण्याच्या चहाने खंडेरावांची जीभ बधिर झाली. तेव्हापासून घरात दोन माठ होते, एक तपासायचा आणि एक प्यायचा. आज अमोलने नमुना मागितला असता तर त्याला ओट्यावरचं पाणी मिळालं असतं. पण त्याने प्यायला मागितलं.

"दारी आलेल्या माणसाला तसलं पाणी कसं द्यायचं?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. यात चुकलं काय, ते त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

अमोलने अंगणातल्या नळाचं पाणी घेतलं. ते सरबतासारखं पिवळं झालं. मग वही उघडून तो पेन हातात धरून थांबला. ग्रामपंचायतीचं पाणी पास आहे, तो म्हणाला, पण हे घर पितं ते पाणी नापास आहे. मला दोन्ही लिहावं लागेल. ते विहिरीचं आहे, असंही लिहावं लागेल.

"आन् विहिरीचं नाव नाय लिवलं तर?" खंडेरावांनी विचारलं.

"मग पाचवा नमुना नुसताच नापास. मामांची बारावी तपासणी गेली."

उद्या हाच अहवाल ग्रामसभेत मोठ्याने वाचला जाणार होता आणि पहिल्या रांगेत झुंबर बसणार होता. चंद्रभागाबाईंनी सूप खाली ठेवलं. पायरीवर बसलेल्या धोंडीरामकडे पाहिलं. पायऱ्या चढून त्याच्या तळपायांना फोड आले होते, ते तळपाय तो एकमेकांवर घासत होता.

"लिवा," त्या म्हणाल्या. "व्हय ते लिवा."

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. बुधवार नसूनही आलेल्या भाऊसाहेबांनी अहवाल वाचला. चार नमुने योग्य. पाचवा नमुना सरपंच यांचे घरचा, सदर पाणी खाजगी विहिरीचे असल्याने पुरवठ्यात धरला नाही, नळाचे पाणी योग्य. भाऊसाहेबांनी ते इतक्या भरभर वाचलं की एखाद्याला ऐकूच गेलं नसतं. झुंबरला गेलं.

"म्हंजे समदं गाव टाकीचं पितं," तो उभा राहून म्हणाला, "आन् आक्का विहिरीचं?"

धोंडीरामने डोळे मिटून घेतले.

"व्हय," चंद्रभागाबाई बसूनच म्हणाल्या. "सहा वर्सं समद्या गावाच्या वाट्याचं औषध माह्या एकटीच्या माठात पडत व्हतं. तुम्ही एक पेलाभर पिऊन दाखवा मेंबर, मंग बोला."

आधी बायकांच्या बाजूने हसू फुटलं, मग सगळं पटांगण हसलं. पांढऱ्या डागांचा पदर तोंडाला लावून अंबूबाईही हसली. त्या हशातच ठराव पास झाला. धोंडीराम कायम झाला. ठरावात एक ओळ वाढवण्यात आली की टाकीत रोज टीसीएल टाकायचं आणि आरोग्यसेवक अधूनमधून न सांगता येऊन पाहणार. संध्याकाळी शिंप्याकडून खाकी कपडे आले. सखुबाईने ते देवापुढे ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या कपड्यांत, बादली खांद्याला अडकवून, धोंडीराम बासष्ट पायऱ्या चढला. वरून सगळं गाव दिसत होतं. आपण आता या गावाचे कायमचे पाणीवाले, असं वाटून त्याने समाधानाने चौफेर नजर फिरवली आणि ती एका जागी अडकली.

गावातून निघून सरपंचबाईंच्या मळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर माणसांची रांग लागली होती. हंडे, कळश्या, दुधाचे कॅन, सायकलला अडकवलेले डबे. सगळ्यात पुढे अंबूबाई होती. झुंबर दोन हातांत दोन घागरी घेऊन तिच्या मागे होता आणि रांग मोडणाऱ्यांवर खेकसत होता. सरपंच स्वतः जे पाणी पितात ते काय वाईट असेल, असा सगळ्या गावाने रात्रीतून निष्कर्ष काढला होता. शिवाय त्याला वास येत नव्हता.

टाकीखाली मोटरसायकल थांबली. न सांगता येणाऱ्या आरोग्यसेवकाने ती रांग पाहिली, बराच वेळ पाहिली आणि खिशातून वही काढली.

"मामा," त्याने खालून हाक दिली, "आक्कांच्या विहिरीचा व्यास किती असेल हो?"

धोंडीरामने बादली टाकीत रिती केली आणि दुसरी, विहिरीची, भरायला खाली उतरू लागला.